स्मारकशिल्पी राम सुतार : बलुतेदाराचा वारसा



सिपना, गडगा, खापरा, खंडू आणि डोलार या मेळघाटातील तुमच्या पाचही नद्या सातपुड्याचे पाणी घेऊन ज्या तापीला मिळतात, ती तापी धारणी तालुक्याची शीव सोडून बऱ्हाणपुराकडे जाते आणि पुढे खानदेशच्या काळ्या जमिनीतून वाहत राहते. त्या खानदेशात, तापीच्याच खोऱ्यात, धुळे शहराजवळ गोंदूर नावाचे एक लहानसे गाव आहे; त्या गावी १९ फेब्रुवारी १९२५ रोजी एका गरीब सुताराच्या घरी जो मुलगा जन्माला आला, त्याच्या कार्याविषयी आज मला बोलावयाचे आहे. राम वणजी सुतार हे त्यांचे नाव. डिसेंबर २०२५ मध्ये, आयुष्याचे शतक पूर्ण करून, नोएडा येथील राहत्या घरी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या निधनाच्या वार्तेत जवळजवळ प्रत्येक वृत्तपत्राने जगातील सर्वांत उंच पुतळ्याचा उल्लेख प्रथम केला, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु फुटांच्या आणि मीटरांच्या हिशेबात या माणसाची खरी योग्यता हरवून जाते असे मला वाटते, आणि ती जेथे सापडते तेथपर्यंत श्रोत्यांना नेण्याचा प्रयत्न मी करणार आहे.

माझ्या मते ती योग्यता त्यांच्या आडनावातच नव्हे, तर त्या आडनावामागे उभ्या असलेल्या गावगाड्यात सापडते. वऱ्हाडात आपण ज्याला वाढई म्हणतो तो गावचा सुतार हा बारा बलुतेदारांपैकी थोरल्या ओळीचा मानकरी. नांगर, वखर, तिफण, गाडीची चाके, घराचे आढे, मुलाचा पाळणा आणि देवाची पालखी, हे सारे त्याच्याच हातून उतरावयाचे; आणि त्या श्रमाचा मोबदला त्याला कामागणिक रोकडीने न मिळता खळ्यावर धान्याच्या रूपाने, साऱ्या गावाकडून मिळून मिळावयाचा. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता, पिढ्यान्‌पिढ्यांची कोंडी होती, आणि ती पुन्हा यावी असे कोणताही विचारी मनुष्य म्हणणार नाही. पण त्या कोंडीतही कारागिराच्या अंगी एक शिस्त बाणत असे, आणि ती शिस्त मोलाची होती. काय घडवावयाचे हे गाव ठरवी, कसे घडवावयाचे हे मात्र सुतार ठरवी, आणि घडवलेल्या वस्तूवर तो आपले नाव कोरीत नसे. नांगर मोडला तर मात्र नाव त्याचेच निघे. सार्वजनिक स्मारके घडवणाऱ्या शिल्पकाराची स्थिती याहून फारशी निराळी नसते. चित्रकार आपल्या खोलीत बसून मनाला येईल ते रंगवू शकतो, कवीला कोणाची मंजुरी लागत नाही. पण स्मारकशिल्पी हा समिती, सरकारी खजिना, मक्तेदार, अभियंता, नातलग आणि अखेर रस्त्यावरून जाणारा अनोळखी मनुष्य, इतक्यांचा बांधील असतो. त्या बांधिलकीत राहून ज्याने आपल्या कामाची शुचिता राखली असा शिल्पकार म्हणून राम सुतारांकडे पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

ते ज्या परंपरेत आले ती परंपरा आपल्या मुलखात फार जुनी नव्हती. देवांच्या मूर्ती घडवणारे हात आपल्याकडे नेहमीच होते. परंतु चौकात उभा केलेला माणसाचा पुतळा ही वस्तू इंग्रजी अमलाबरोबर आली, आणि प्रारंभी ती अक्षरशः जहाजातून आली. मुंबईचा तो प्रसिद्ध काळा घोडा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या युवराजाचा अश्वारूढ पुतळा, घडवला शिल्पकार बोम यांनी इंग्लंडात आणि त्याचा खर्च सोसला ससून यांनी मुंबईत. आपल्या माणसाच्या हातालाही हे साधते याची पहिली ठळक साक्ष मिळाली ती गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ने, सर ज. जी. कलाशाळेत शिकत असलेल्या एका तरुणाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लास्टरमध्ये घडवलेली ती पूजेला निघालेली स्त्री पाहून जाणकार थक्क झाले.

म्हात्र्यांच्या पाठोपाठ आले विनायकराव करमरकर. अलिबागजवळच्या सासवणे गावी १८९१ साली जन्मलेला हा मुलगा गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या घरातला. त्याने गावच्या देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवाजीमहाराजांचे चित्र कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, आणि त्या अधिकाऱ्याने केवळ शाबासकी देऊन न थांबता त्याला मुंबईच्या कलाशाळेत पाठवण्याची तजवीज केली. जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघालेल्या अंमलदाराने एका खेड्यातल्या भिंतीसमोर काही क्षण थांबावे आणि त्यातून महाराष्ट्राच्या शिल्पकलेचे एक पर्व सुरू व्हावे, ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. पुण्यातील श्रीशिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा याच करमरकरांचा. राजर्षी शाहूमहाराजांच्या पुढाकाराने १९२१ साली त्याच्या स्मारकाची कोनशिला बसली, दुसऱ्याच वर्षी शाहूमहाराज कैलासवासी झाले, काम रेंगाळले, आणि पुढे ते करमरकरांकडे आल्यावर माझगावच्या गोदीत सुमारे साडेतेरा फूट उंचीचा तो पुतळा अखंड ओतला जाऊन जून १९२८ मध्ये त्याचे अनावरण झाले. घोड्याच्या चार पायांवर आठेक टन धातूचा तोल सांभाळणे हे किती जोखमीचे काम होते, हे आज त्याच्याकडे पाहताना जाणवतही नाही, आणि तसे जाणवू न देणे यातच त्या कलावंताचे यश आहे.

गोंदूरच्या रामला रॉथफील्ड भेटले नाहीत, पण रामकृष्ण जोशी भेटले. चित्रकलेच्या या शिक्षकाने मुलाच्या हातातील गुण ओळखला, त्याला वळण लावले, आणि मुंबईस जाऊन रीतसर शिकण्याची प्रेरणा दिली. ज्या व्यासपीठावरून मी बोलत आहे ते एका शिक्षकाच्या स्मरणार्थ उभे असल्यामुळे हे नाव येथे आदराने उच्चारणे मी माझे कर्तव्य समजतो. सर ज. जी. कलाशाळेत सुतारांनी १९४७ पासून १९५३ पर्यंत अध्ययन केले, आणि बाहेर पडताना प्रतिमांकनासाठी मेयो सुवर्णपदक मिळवले. त्याच पिढीत कल्याणचे सदाशिव साठे होते, ज्यांचा अश्वारूढ शिवाजी १९६१ च्या प्रजासत्ताकदिनापासून मुंबईच्या गेटवेसमोर उभा आहे. स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते, चौकाचौकांतील राण्या आणि व्हाइसरॉय यांच्या जागी कोण उभे राहावे हा प्रश्न देशासमोर होता, आणि या दोघा मराठी तरुणांच्या वाट्याला त्या प्रश्नाचे उत्तर मातीत घडवण्याचे काम आले.

परंतु सुतार लगेच पुतळ्यांकडे वळले नाहीत, आणि मधली चार वर्षे, चरित्रकार ज्यांच्यावर एखादे वाक्य खर्च करून पुढे जातात, ती मला त्यांच्या घडणीत निर्णायक वाटतात. १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्याच्या औरंगाबाद कचेरीत त्यांची नेमणूक होती, आणि अजिंठा व वेरूळ येथील भग्न शिल्पांची डागडुजी हे त्यांचे काम होते. कल्पना करा, की हाताला नुकतेच सुवर्णपदक लाभलेले आहे, मनात स्वतःच्या निर्मितीची ऊर्मी आहे, आणि रोजचे काम काय, तर बाराशे-पंधराशे वर्षांपूर्वीच्या कोणा अनामिक पाथरवटाने जो हात अथवा जो गुडघा घडवला त्याचा झिजलेला भाग असा पूर्ववत करावयाचा की पाहणाऱ्याला नवा हात कोठे सुरू होतो हे कळू नये. येथे कर्त्याची छाप उमटली की काम बिघडले. यापेक्षा कठोर गुरुकुल कोणत्याही कलाशाळेत नसेल. आणखी एक गोष्ट त्यांनी तेथे पाहिली असली पाहिजे: वेरूळच्या कैलासात शिल्प हे डोंगरातून वेगळे काढलेले नाही, डोंगरच शिल्प झालेला आहे. या दृष्टीचे फळ लवकरच चंबळेच्या काठी दिसले.

१९५८ च्या सुमारास ते दिल्लीला माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या दृश्यप्रचार विभागात प्रतिकृती तयार करण्याच्या नोकरीवर गेले, आणि वर्षभरातच ती नोकरी सोडून स्वतंत्र शिल्पकार झाले. पेन्शनीची हमी असलेली सरकारी चाकरी एका खेडेगावच्या सुताराच्या मुलाने त्या काळात सोडावी, याला धाडसच म्हटले पाहिजे.

मेवाडच्या पूर्वेला, मध्य प्रदेश व राजस्थान या दोन राज्यांच्या सहकार्याने चंबळ नदीवर जी धरणांची मालिका उभी राहिली, तिच्यातील पहिले धरण गांधीसागर. ते १९६० साली पुरे झाले. तेथे सुतारांनी चंबळ नदीची मूर्ती घडवली. उंची ४५ फूट. नदी ही माता, आणि तिच्यापाशी दोन बालके, म्हणजे तिचे पाणी पिणारी दोन राज्ये. कल्पना अशी शब्दांत सांगितली की ती सरकारी वाटते, आणि दुसऱ्या कोणाच्या हाती ती तशीच राहिली असती. सुतारांनी माध्यम म्हणून ना संगमरवर निवडला ना ब्राँझ. ज्या द्रव्याचे धरण त्याच द्रव्याचा, म्हणजे काँक्रीटचा, भला थोरला ठोकळा उभा करून त्यांनी तो छिन्नी-हातोड्याने कोरून काढला. या माध्यमाची अडचण ज्यांनी कधी पक्के काँक्रीट फोडले असेल त्यांना सांगावयास नको. दगडाला पोत असतो, त्याच्या शिरांचा अंदाज घेऊन कारागीर टाकी चालवतो. काँक्रीटमध्ये एका घावाला वाळू लागते आणि दुसऱ्या घावाला गिट्टी, धार बोथट होते, कपरे भलतीकडेच उडतात, आणि चुकून निघालेला तुकडा परत चिकटवता येत नाही. म्हणून त्या मूर्तीत बारीक अलंकरण नाही, वस्त्राच्या चुण्या मोजक्या आहेत, अवयव भरदार आणि रेषा सरळ आहेत. माध्यमाने जे नाकारले ते त्यांनी मागितले नाही, आणि त्या संयमातून जी भव्यता आली ती मला त्यांच्या पुढील कोणत्याही कामात, त्याहून कितीतरी पट उंच कामातसुद्धा, पुन्हा तितकी शुद्ध आढळत नाही. हे माझे मत आहे, आणि ते वादग्रस्त ठरले तरी मी ते सोडणार नाही. येथे त्यांना कोणाचे साम्य राखावयाचे नव्हते, कोणा नातलगाला नाक दाखवावयाचे नव्हते. वेरूळने शिकवलेले आणि गोंदूरच्या वडिलांनी दिलेले हात, एवढीच सामग्री होती. चंबळेचे ते शिल्प पाहून पंडित नेहरू प्रभावित झाले आणि भाक्रा धरण बांधणाऱ्या मजुरांच्या गौरवार्थ ५० फुटी ब्राँझशिल्पाची कामगिरी त्यांनी सुतारांकडे सोपवली. धरण बांधणाऱ्या मंत्र्याचे नव्हे, मजुरांचे स्मारक व्हावे हा विचारच त्या काळाची उंची सांगतो.

येथे थोडे थांबून, धातूचा पुतळा तयार कसा होतो हे सांगणे उचित होईल, कारण आपल्यापैकी अनेकांनी पुतळे पाहिले असले तरी त्यांचे जन्मरहस्य पाहिलेले नसते. प्रथम दरखास्त येते, समिती बसते, उंची आणि रक्कम ठरते, बयाणा दिला जातो. शिल्पकार हातभर उंचीचा नमुना करतो, तो मंजूर झाला म्हणजे लोखंडी सळयांचा सांगाडा उभारून त्यावर पूर्ण आकाराचे मातीकाम चढते. ही खरी कसोटीची अवस्था. माती ओली ठेवावी लागते, तडे जाऊ द्यावयाचे नसतात, आणि याच सुमारास समितीचे सदस्य पाहणीस येऊन कोणी कपाळ रुंद करावयास सांगतो, कोणी मिशा. ही सूचनांची रांग संपली की मातीवरून प्लास्टरचा साचा घेतला जातो, साच्यात मेणाचा थर बसतो, त्याभोवती उष्णता सोसणारे आवरण घातले जाते, भट्टीत मेण वितळून वाहून जाते आणि त्याने मोकळ्या केलेल्या पोकळीत तांबे व कथील यांचा तप्त रस ओतला जातो. आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी या क्रियेला मधूच्छिष्टविधान म्हटले आहे. मेळघाटातील ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कड्यांवरची आग्यामोहळे उतरवून मध आणि मेण गोळा केले, त्यांना हे समजावे लागणार नाही की मेणासारखा आज्ञाधारक पदार्थ दुसरा नाही. ओतून निघालेले भाग जोडणे, सांधे घासणे, छिन्नीने रेषा पुन्हा जागवणे आणि शेवटी आम्लाने रंग देणे, ही सारी कामे पुढची. यातील कोणत्याही पायरीवर मूळ मातीतील जिवंतपणा निसटू शकतो. सुतारांच्या घरी पत्नी प्रमिलाबाई आणि पुढे पुत्र अनिल यांच्या साहाय्याने ही सारी साखळी एका छताखाली आली, आणि अखेरीस स्वतःचा ओतकामाचा कारखानाही उभा राहिला. बलुतेदाराच्या घरात धंदा असाच चालत असे; सारे घरच त्या कामाला जुंपलेले असे.

आता गांधीजी. सुतारांनी आयुष्यात किती गांधी घडवले याची गणना मी करणार नाही. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी केलेल्या अर्धपुतळ्याच्या प्रती भारत सरकारने रशिया, इंग्लंड, फ्रान्स, इटली, अर्जेंटिना, मलेशिया अशा कितीतरी देशांना भेट म्हणून दिल्या. एकच चेहरा इतक्या वेळा घडवताना हात यांत्रिक होण्याचा धोका असतो, आणि गांधींच्या बाबतीत तो दुप्पट, कारण चष्मा, काठी आणि पंचा एवढी तीन चिन्हे जमली की साम्य सिद्ध झाले असे मानून देशातील शेकडो कारागिरांनी तेवढ्यावरच काम भागवले आहे. संसदेच्या आवारातील १६ फुटी गांधी, ज्याचे अनावरण २ ऑक्टोबर १९९३ रोजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांच्या हस्ते झाले, त्यात ही सोपी वाट सोडलेली आहे. गांधी तेथे चालत नाहीत. ते बसले आहेत, ध्यानस्थ आहेत. दांडीच्या वाटेवरचा ताठ पावलांचा गांधी साऱ्या देशाला परिचित असताना, कायदे जेथे होतात त्या वास्तूसमोर स्वस्थ बसलेला, अंतर्मुख गांधी ठेवणे हा एक विचार होता. खांद्यांचा उतार, मांडीवरचे हात, देहाचा सारा भार खाली भूमीकडे गेलेला आणि मस्तक मात्र हलके. बसलेल्या बुद्धाच्या ज्या शिल्पांची डागडुजी या माणसाने तरुणपणी केली त्यांची स्मृती येथे मला स्पष्ट दिसते. पुढे त्याच पुतळ्याच्या पायाशी विरोधी पक्षांचे खासदार धरणे धरून बसू लागले. कोणत्याही ठरावाविना, हुकुमाविना लोकप्रतिनिधींनी आपली गाऱ्हाणी घेऊन ज्या पायाशी बसावे, त्या पुतळ्याला आणखी कोणत्या पारितोषिकाची गरज आहे?

सार्वजनिक पुतळ्याला मात्र स्थिरतेचे वरदान नसते. नव्या संसद भवनाच्या बांधकामात हा पुतळा २०२१ साली मूळ जागेवरून हलवला गेला, आणि २०२४ साली आवारातील इतर पुतळ्यांबरोबर त्याला प्रेरणास्थळ नावाच्या जागी ठेवण्यात आले. त्यावर वादही झाला. मुंबईचा काळा घोडा १९६५ साली रस्त्यावरून उचलला जाऊन राणीच्या बागेत गेला. काम सुपूर्द झाले की त्यावरचा शिल्पकाराचा अधिकार संपतो, जसा गाडी शेतकऱ्याच्या अंगणात गेल्यावर सुताराचा संपतो.

उंचीविषयी आता बोलले पाहिजे. तुमच्या सातपुड्याच्या उत्तरेला नर्मदा वाहते, आणि तिच्या खालच्या अंगाला, गुजरातेत केवडियाजवळच्या साधू बेटावर सरदार वल्लभभाई पटेल यांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ पासून उभा आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदेवतेची मूर्ती, चौथरा वगळता, ४६ मीटरची आहे. म्हणजे तशा चार मूर्ती एकावर एक ठेवाव्या लागतील. अहमदाबादच्या विमानतळावर सुतारांनी जो सरदार पूर्वी घडवला होता तो या कामाचा आधार झाला. लहान-मोठे नमुने मातीत करून त्यांची मोजमापे संगणकाच्या साहाय्याने वाढवली गेली. आत काँक्रीटचे गाभे, बाहेर ब्राँझच्या पत्र्यांचे आवरण, ते पत्रे ओतले गेले चीनमध्ये, आणि बांधकाम केले लार्सन अँड टुब्रोने. छातीच्या उंचीवर, १५३ मीटरवर, प्रेक्षकांसाठी सज्जा आहे. वाऱ्याचा आणि भूकंपाचा विचार करून उभी केलेली ही वास्तू अभियांत्रिकीचा विलक्षण पराक्रम आहे यात शंका नाही, आणि नव्वदी ओलांडलेल्या शिल्पकाराने त्या सरदारांचा करारी, किंचित थकलेला शेतकरी चेहरा इतक्या विस्तारातही हरवू दिला नाही, ही त्यांची थोरवी. परंतु चेहऱ्याखाली उतरले की मला शिल्पकाराचा हात दिसेनासा होतो आणि गणिताचा दिसू लागतो. हातभर मातीतील अंगठ्याचा दाब शेकडो पट मोठा झाला म्हणजे तो दाब राहत नाही, ते एक क्षेत्रफळ होते. राम सुतारांचा अपमान करण्यासाठी मी हे म्हणत नाही. ज्याने चंबळ कोरली त्याच्याकडून मी जे शिकलो त्याच्याच आधारे म्हणतो.

या प्रसंगी अमेरिकेतील गुत्झोन बोर्ग्लम या शिल्पकाराची आठवण येणे अपरिहार्य आहे. १९२७ ते १९४१ या चौदा वर्षांत, सुमारे चारशे कामगारांकरवी, बहुतांशी सुरुंगाच्या दारूने, त्याने दक्षिण डाकोटातील रशमोर पर्वतावर चार राष्ट्राध्यक्षांची साठ-साठ फुटी मस्तके कोरली; तो मार्च १९४१ मध्ये वारला आणि उरलेले काम त्याचा मुलगा लिंकन याने आवरले. पितापुत्रांच्या या जोडीत आणि राम व अनिल सुतारांच्या जोडीत साम्य आहे. मात्र रशमोरच्या कथेला दुसरी बाजू आहे. रशमोर ज्यांत मोडतो ते काळे डोंगर १८६८ च्या तहाने सू या आदिवासी राष्ट्राला दिलेले होते, सोन्याच्या लोभाने ते काढून घेतले गेले, आणि १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते घेणे अन्यायाचे ठरवून भरपाईची रक्कम मान्य केली, तेव्हा सू लोकांनी ती रक्कम नाकारली. त्यांना डोंगर हवे होते. केवडियाच्या परिसरातील आदिवासी गावांनीही आपल्या जमिनींविषयीचे गाऱ्हाणे पुतळ्याच्या अनावरणाच्या वेळी मांडले होते. शिल्पकार जागा ठरवीत नाही हे खरे. पण व्याघ्रप्रकल्पासाठी ज्यांची गावे उठली अशा लोकांच्या तालुक्यात उभा राहून मी हा विषय गाळून पुढे गेलो तर ते माझ्या श्रोत्यांशी प्रामाणिक होणार नाही. स्मारकाला दोन ऋणे असतात, एक ज्याचे स्मारक त्या व्यक्तीचे, आणि दुसरे ज्या जमिनीवर ते उभे राहते तिच्यावर आधीपासून राहणाऱ्यांचे. पहिले ऋण शिल्पकाराने फेडावयाचे, दुसरे सरकारने.

बलुतेदाराची दुसरी कसोटी, म्हणजे वस्तू टिकण्याची, हीसुद्धा आपल्या डोळ्यांदेखत लागली. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला श्रीशिवाजीमहाराजांचा पुतळा, जो दुसऱ्या शिल्पकाराचा होता, २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोसळला आणि सारा महाराष्ट्र व्यथित झाला. नव्या पुतळ्याचे काम सुतारांच्या कारखान्याकडे आले, आणि सुमारे ६० फुटांचा, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याचा व वादळाचा विचार करून बांधलेला पुतळा २०२५ च्या मे महिन्यात तेथे उभा राहिला. त्या वेळी राम सुतार शंभर वर्षांचे होते. ज्या माणसाने तरुणपणी पंधराशे वर्षे टिकलेल्या शिल्पांच्या जखमा बांधल्या, त्याच्याकडे आठ महिन्यांत पडलेल्या पुतळ्याची जागा भरण्याचे काम शेवटी यावे, यात एक औचित्य होते.

सन्मान त्यांना पुष्कळ मिळाले. १९९९ साली पद्मश्री, २०१६ साली पद्मभूषण, त्याच वर्षाचा टागोर पुरस्कार, आणि २०२४ चा महाराष्ट्र भूषण. मुंबईत दादरच्या इंदू मिलच्या जागेवरील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ३५० फुटी पुतळ्याचे काम ते गेले तेव्हा चालू होते, आणि ते आता अनिल सुतार पुढे नेत आहेत.

बंधुभगिनींनो, शेवटचा मुद्दा तुमच्याच घरचा आहे. दिल्लीत किंवा नर्मदेच्या बेटावर पुतळे उभे राहण्याच्या कितीतरी आधीपासून मेळघाटातील कोरकू समाज आपल्या मृतांची स्मारके उभारीत आला आहे. सिडोलीच्या विधीत, मृताच्या नावाने सागाच्या लाकडाचा जो कोरीव मुंडा गावाबाहेर झाडाखाली रोवला जातो, ज्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले असतात, तो सार्वजनिक स्मारकच आहे. त्याची उंची कमरेला लागते एवढीच. व्हेरियर एल्विन यांनी मध्य भारतातील आदिवासींच्या कलेवर १९५१ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात कोरकूंच्या या फलकांची दखल घेतली आहे. घोड्यावरचा स्वार कोरताना तोल कसा साधावा हा प्रश्न माझगावच्या गोदीत करमरकरांपुढे होता, आणि तोच प्रश्न, वीतभर रुंद फळीवर, येथील कोरणाऱ्यापुढे असतो. सुतार जर गोंदूरऐवजी या तालुक्यातल्या एखाद्या ढाण्यावर, म्हणजे कोरकू वस्तीवर, जन्मते, तर त्यांनी पहिली टाकी बहुधा मुंड्यावरच चालवली असती.

म्हणून या व्याख्यानमालेच्या चालकांना आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी एक मागणी आहे. तालुक्यातील गावोगावचे जुने मुंडे कोठे आहेत, कोणत्या स्थितीत आहेत, आणि ते कोरणारे कोण हयात आहेत, याची एक नोंदवही तयार करावी. त्या नोंदवहीत छायाचित्राबरोबर मोजमाप आणि कोरणाऱ्याने सांगितलेली माहिती असावी. आणि ज्या कुटुंबांचे ते मुंडे आहेत त्यांची संमती घेतल्याशिवाय त्यातील एकही फळी कोणत्याही संग्रहालयासाठी हलवू नये. ज्या कोरणाऱ्यांची तयारी असेल त्यांना आठवड्यातून एक दिवस चित्रकलेच्या तासाला मानधन देऊन शाळेत बोलवावे, आणि मुलांच्या हाती सागाचा तुकडा व पटाशी द्यावी. रॉथफील्ड कलेक्टर होते आणि रामकृष्ण जोशी शिक्षक होते. धारणीत कचेऱ्याही आहेत आणि शाळाही आहेत. या कामासाठी लागणारा खर्च एका छोट्या पुतळ्याच्या चौथऱ्याइतकाही नाही, आणि उन्हाळ्याच्या सुटीच्या आत त्याची सुरुवात होऊ शकते.